कशी पळते, एवढं सोडून सगळं

किस्से जमवायला मी गेले नव्हते. खो-खोच्या मैदानाच्या कडेला बसलं की चपलेत मुरूम शिरतो, तसे ते शिरत गेले. घरी येऊन झटकलं तरी एखादा खडा राहतोच आणि चालताना टोचतो. आज फक्त टोचणारे सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, तेवढं सांभाळून घ्या.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात खेळ शिकवते. माझ्या काळात मीही आक्रमण, म्हणजे पाठलाग करून गडी टिपायचं काम, करायचे. त्याचा पुरावा म्हणून डावा खांदा अजून दुखतो. मागं मुलींच्या खो-खोची एक व्यावसायिक लीग निघाली आणि तिच्यातल्या एका संघानं मला विचारलं, की तुमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरी बघा आणि मुख्यतः आक्रमणात कोण चांगलं आहे ते कळवा. पुढं ड्राफ्ट असतो. म्हणजे सगळे संघ एका यादीतून आळीपाळीनं खेळाडू उचलतात. यादीत नाव नसेल, तर पोरगी कितीही पळू दे, तिला कुणी उचलत नाही. ती यादी आमच्यासारख्यांच्या अहवालांवरून व्हायची.

माझ्या जोडीला कादरसर होते. परंड्याला शाळेत शिकवून निवृत्त झालेले, आणि उभ्या जिल्ह्यात पंच म्हणून माहीत असलेले. पोरींच्या दोन पिढ्या त्यांच्या शिट्टीवर पळाल्यात. आणि संघाच्या पुण्याच्या ऑफिसातून यायचा निखिल. पंचविशीतला, पाठीवर लॅपटॉप, बोलायला नम्र. पोरगा स्वभावानं वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्याच्याबद्दल चांगलं काही बोलणार नाही.

*

पहिला राग आला तो फॉर्मचा.

निखिलनं मोबाइलवर पाठवला. प्रत्येक पोरीचा एक भरायचा. उंची, वजन, हाताची लांबी, तीस मीटर किती सेकंदांत पळते. इथपर्यंत ठीक होतं. पुढं इंग्रजी बोलता येतं का, कॅमेऱ्यासमोर बुजते का, इन्स्टाग्रामवर किती लोक आहेत. आणि शेवटी 'लग्नाची शक्यता', त्याच्यापुढं तीन चौकोन : आहे, नाही, सांगता येत नाही.

मी दोनदा वरखाली करून बघितलं. खो वेळेवर देते का, हुलकावणी ओळखते का, खांबावर सूर मारते का, यातलं एक अक्षर नव्हतं.

निखिलला फोन लावला. तो म्हणाला, हा फॉर्म ऑफिसात सगळ्या खेळांसाठी एकच बनवलाय, त्यात आता बदल होणार नाही. मी म्हटलं, अरे पण आक्रमक निवडायचीय ना, मग आक्रमण कुठं लिहू? त्यावर तो म्हणाला, "मॅडम, खेळाबद्दल काही वाटलं तर 'इतर'मध्ये लिहा."

पहिल्या पोरीचा फॉर्म भरला. रागाच्या भरात 'इतर'मध्ये दोनच शब्द लिहिले : 'खो-खो खेळते.'

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. "थँक यू मॅडम. व्हेरी यूसफुल इनपुट."

*

नंतर एका कॉलेजातून बोलावणं आलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तिथले प्राचार्य स्वतः गेटवर उभे होते. चहा झाला, शाल झाली, कादरसरांना नारळ झाला. मग हळूच कळलं की संस्थेच्या अध्यक्षांची भाची यंदा आक्रमणात आहे, आणि तिला आज आम्ही बघायचंय.

मैदानावर आखणी झालेली, पोरी बसलेल्या. भाचीनं आक्रमण सुरू केलं. पहिली संरक्षक सात-आठ पावलं पळाली आणि बाद झाली. दुसरी वळता वळता घसरली आणि बाद झाली. तिसरी तर खांबाजवळ उभीच राहिली. टाळ्या पडल्या. प्राचार्य माझ्याकडं वळून म्हणाले, बघा, काय वेग आहे.

माझे कान तापले होते. त्या घसरलेल्या पोरीला मी ओळखत होते. दोन महिन्यांपूर्वी तिनं माझ्या कॉलेजच्या सगळ्या आक्रमकांना दमवून रडकुंडीला आणलं होतं. तिला आज घसरायला सांगणारा माणूस माझ्या शेजारी बसून बिस्कीट खात होता.

कादरसर शांतपणे उठले. त्यांच्याबरोबर परंड्याची आफरीन आली होती, तिलाही आम्हाला बघायचं होतंच. ती संरक्षणात खेळते. उंच, लांब टांगा, आणि डोळा असा की समोरची कुठं वळणार ते तिला आधी दिसतं. सरांनी प्राचार्यांना विचारलं, की पाहुणी म्हणून हिला एक डाव खेळू द्यायचा का. सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणणार?

आफरीन उतरली. भाची मागं लागली. एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. ओळीत बसलेल्या सगळ्या पोरी आळीपाळीनं उठून पळून आल्या. आफरीन हाताला लागेना. शेवटी भाची धापा टाकत कंबरेवर हात ठेवून थांबली आणि अगदी भाबडेपणानं कादरसरांना म्हणाली,

"सर, हिला सांगितलं न्हाय वाटतं कुणी."

*

सोनालीला पहिल्यांदा बघितलं ते भूमला. बाजाराचा दिवस होता आणि मैदानाच्या कडेनं टेम्पो चालले होते. मैदान म्हणजे नुसता मुरूम, वर बारीक खडी.

कॉलेजच्या संघात ती सगळ्यांत बुटकी. बसली की शेजारणीच्या खांद्याआड दिसेनाशी व्हायची. समोरची संरक्षक खांबाला वळसा घालून सुटतेय असं मला वाटलं, तेवढ्यात सोनालीनं डाव्या हातानं खांब धरला, अंग आडवं टाकलं आणि उजव्या हातानं तिला घोट्याजवळ टिपलं. ती कधी उठली आणि कधी सूर मारला, हे मी मैदानावर नजर लावून बसलेली असून मला दिसलं नाही. कादरसरांनी शिट्टी वाजवली आणि माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं पंच असलेला माणूस हसू आवरत होता.

निखिल व्हिडिओ काढत होता. डाव संपल्यावर त्यानं तिला बोलावलं. म्हणाला, उन्हाची बाजू चुकली, परत एकदा करून दाखव. तिनं दाखवलं. मग त्याला दुसऱ्या बाजूनं पाहिजे होतं. तिनं तेही दाखवलं. तिसऱ्या वेळी मध्ये टेम्पो आला. चौथ्या वेळी हॉर्न वाजला, आवाज खराब झाला. प्रत्येक वेळी ती पोरगी खडीवर आडवी पडत होती. दोन्ही गुडघ्यांतून रक्त निघून मोज्यात उतरलं होतं.

पाचव्या वेळी मी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

सोनालीला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मॅडम, त्यांना गडी बाद झालेला कळना व्हय?"

*

मग उंचीचं निघालं.

धाराशिवच्या स्टेडियमवर सगळ्या तालुक्यांतल्या निवडक पोरी बोलावल्या होत्या. निखिलनं भिंतीला टेप चिकटवली आणि एकेकीला उभं केलं. ऑफिसनं सांगितलं होतं, आक्रमकाची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर तरी पाहिजे. सोनाली एकशे एक्कावन्न भरली. तिनं टाचा उचलल्या नाहीत. तिच्या आधीच्या दोघींनी उचलल्या होत्या, आणि त्या पास झाल्या.

मी निखिलशी भांडले. तो म्हणाला, उंच मुलीचा हात लांब जातो, हे आकडेवारीनं सिद्ध झालंय. मी म्हटलं, खांबाखालून सुटणाऱ्या पोरीला टिपायला वाकावं लागतं, ते आकडेवारीनं सिद्ध केलंय का? असं बराच वेळ चाललं. बाकीच्या पोरी पाण्याच्या बाटल्या हातात धरून आमचं भांडण बघत होत्या.

कादरसरांना भांडण आवडत नाही. त्यांनी निखिलला विचारलं, की तुम्ही पळता ना? निखिल पुण्यात मॅरेथॉन पळतो, तसं त्यानं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मग खामखा वाद कशाला," सर म्हणाले. "तुम्ही पळा, ही पकडंल. आपण वेळ लावू."

त्याला पोरींसमोर माघार घेता येईना. त्यानं घड्याळ काढून ठेवलं, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि उतरला. सोनालीला खो मिळाला. त्यानं उजवीकडं हुलकावणी दिली. ती फसली नाही. तो डावीकडं पळाला तेव्हा ती तिथं आधीच होती. सरांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि लगेच परत दाबलं. सगळ्या पोरी एकदम हसल्या.

निखिल कपडे झटकत आला. चिडला नाही, हे खरं. टेबलावर बसून त्यानं सोनालीच्या फॉर्मवर काहीतरी लिहिलं. तो चहाला गेल्यावर मी वाचलं.

'समोरचा खेळाडू कमकुवत.'

*

घरच्यांची संमती घ्यायला मी एकटीच सोनालीच्या गावी गेले. भूमला एसटी बदलायची, पुढं फाट्यावर उतरून चालायचं. वडील मेंढरं घेऊन बाहेर गेलेले होते, महिनाभर तरी येणार नव्हते. घरात आई, चुलता, आणि अंगणात सतरंजीवर चार अनोळखी माणसं. मला वाटलं, गावातली असतील.

ती सोनालीला बघायला आलेली होती.

परत फिरणार होते, पण आईनं हाताला धरून बसवलं. पाव्हण्यांचे प्रश्न चालू होते. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, उंची जरा कमीच वाटते. त्यातल्या एका बाईनं तिची साडी घोट्यापासून जरा वर करून बघितली आणि विचारलं, पायाला एवढं काय लागलंय? चुलता म्हणाला, खेळती ती. पाव्हण्यांतला एक म्हणाला, "लग्नानंतर बंद करंल का?"

मला असा राग आला की वाटलं, त्यांना तिथंच चार शब्द सुनवावेत. ही काय बाजारातली शेळी आहे का, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात माझं लक्ष माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं गेलं. आत निखिलचा फॉर्म होता. उंची. वजन. लग्नाची शक्यता. वर मोजायची टेपसुद्धा, कारण निखिलनं हाताची लांबी परत एकदा घेऊन या म्हणून सांगितलं होतं. कुठल्या तोंडानं बोलणार?

मी कशाला आलेय असं चुलत्यानं विचारलं, तेव्हा संघाचं सांगितलं. फॉर्म काढावा लागला, टेपही बाहेर आली. सोनालीच्या आईनं एकदा टेपकडं बघितलं, एकदा पाव्हण्यांकडं. बाई फार बोलणाऱ्यातली नव्हती. चहाचे कप गोळा करता करता म्हणाली,

"मॅडम, तुमी आधी मोजून घ्या. मग तीच टेप त्यांना द्या. त्यांनी आणली न्हाय."

मी मोजलं नाही. फॉर्मवर जुनाच आकडा टाकला. पाव्हण्यांनी चार दिवसांनी पायांवरच्या जखमांवरून नकार कळवला. संघाचा यायचा होता.

*

इकडं आफरीनचं वेगळंच झालं. उंची भरपूर, पळते छान, फोटो चांगला येतो. निखिलच्या ऑफिसला ती एवढी आवडली की त्यांनी तिला आक्रमकांच्या यादीत वर टाकलं. ती संरक्षणात खेळते हे मी तीनदा कळवलं. एकदा लेखी, दोनदा फोनवर. उत्तर आलं, आमचे कोच शिकवतील.

तिच्या वडिलांची गाठ घ्यायला निखिल परंड्याला आला. बशीरभाईंचं बाजारात बांगड्या-कटलरीचं छोटं दुकान. आम्ही तिघं आत स्टुलांवर बसलो. निखिलनं सुरुवातीलाच फार जपून, घसा साफ करत विचारलं, की मुलगी बाहेर खेळायला जाणार, टीव्हीवर दिसणार, तर तुमच्या समाजाकडून, घरून, कपड्यांवरून वगैरे काही अडचण?

मी मान खाली घातली. सोनालीच्या चुलत्याला विचारायला त्यानं मला हा प्रश्न लिहून दिला नव्हता. त्या भाचीच्या अध्यक्ष मामांना तर कुणी कधीच विचारला नसता. कादरसर दुकानातल्या बांगड्यांकडं बघत होते. त्यांचं तोंड आवळलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

बशीरभाईंनी एका गिऱ्हाइकाला पिना दिल्या, डबा जागेवर ठेवला. मग म्हणाले, "अडचण तर आहे साहेब. लई मोठी आहे."

निखिलनं पेन उघडलं.

"माझी मुलगी संरक्षणात खेळते. तुम्ही तिला आक्रमणात लिहिलंय."

*

ड्राफ्ट दुपारी होता. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये मोठ्या पडद्यावर लावला. पोरी बेंचवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. सोनाली सकाळची गाडी पकडून आली होती, नवा ड्रेस घालून. मी तिला येऊ नको म्हणायला पाहिजे होतं. यादी मला आदल्या दिवशीच मिळाली होती आणि तिच्यात सोनालीचं नाव नव्हतं. मी निखिलला फोन केला, त्याच्या वरच्या माणसाला केला, त्याच्याही वरच्याला मेल केला. सगळ्यांचं उत्तर एकच, उंची बसत नाही. सोनालीला सांगायला मात्र जीभ रेटली नाही. त्याचा राग दुसऱ्या कुणावर काढता येत नाही, तो माझ्यावरच आहे.

आफरीनला आमच्याच संघानं तिसऱ्या फेरीत उचललं. पोरींनी बाकं वाजवली. पडद्यावर तिचा फोटो आणि खाली लिहिलेलं : आक्रमक. आफरीन माझ्याकडं बघून म्हणाली, मॅडम, हे काय?

पुढं तो अख्खा हंगाम ती राखीव म्हणून बाकावर बसली. कोचनं शिकवायला घेतलं, तेव्हा कळलं की तिला आक्रमण येत नाही. मला लेखी विचारणा आली, की तुमच्या अहवालात हे का नमूद नव्हतं.

सोनाली शेवटच्या नावापर्यंत बसली. पडदा बंद झाल्यावर तिनं विचारलं, माझं राहून गेलं का? मी म्हटलं, यादीतच नव्हतं. तिनं मान हलवली. कादरसरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर निघून गेले. मग तिनं बाकीच्या पोरींबरोबर बेंच परत रांगेत लावले, केर काढला, आणि जाताना मला सांगितलं, "बुधवारी मॅच हाय आमची. या बघायला. फारम नका आणू."

त्या संध्याकाळी मी संघाला राजीनामा लिहिला. एका ओळीचा. निखिलचं उत्तर आलं, कारण 'इतर'मध्ये लिहाल का?

*

आता शेवटचा.

हंगाम संपल्यावर संघाला जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून नाव करायचं होतं. धाराशिवला त्यांनी प्रदर्शनी सामना ठेवला. एका बाजूला लीगचा संघ, दुसऱ्या बाजूला जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरी. मॅट आणल्या होत्या, पण जमीन उंचसखल निघाली, त्या बसेनात. शेवटी मुरमावरच खेळायचं ठरलं. धूळ उडू नये म्हणून सकाळी टँकरनं पाणी मारलं होतं. तांबडा ओला मुरूम, आणि त्याच्यावर त्यांच्या पांढऱ्याशुभ्र जर्सी. कादरसर पंच. आमच्याकडून सोनाली कर्णधार.

आमच्या आक्रमणाची शेवटची मिनिटं चालली होती. समोर उरली होती ऋतुजा, त्या संघाची कर्णधार, लीगमध्ये नावाजलेली संरक्षक. तिला त्या दिवशी कुणाचा हात लागला नव्हता. आमच्या पोरी दमल्या होत्या. ऋतुजा दोनदा ओळीतून निसटली, तिसऱ्यांदा खांबाकडं सुटली. सोनालीला खो मिळाला. तिनं खांब धरला नाही. धरला असता तर उशीर झाला असता. ती नुसतीच हवेत गेली आणि छातीवर आपटली. सरांची शिट्टी वाजली.

लगेच त्या संघाचा मॅनेजर मैदानात आला. म्हणाला, हात लागलाच नाही, मी बघितलंय. कॅमेरे चालू आहेत, आमच्या कर्णधाराला असं बाद देऊ नका. कादरसरांनी त्याला रेषेच्या बाहेर जायला सांगितलं. तो जाईना. उलट विचारलं, तुम्ही कुठले पंच? सरांनी परत रेषेकडं बोट दाखवलं. मीही उठून मैदानात गेले. प्रेक्षकांतली माणसं उभी राहिली. पुढं काय झालं असतं सांगता येत नाही.

तेवढ्यात ऋतुजा स्वतःच म्हणाली, "सर, लागलाय." आणि मॅनेजरकडं पाठ करून उभी राहिली.

तिच्या पांढऱ्या जर्सीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तांबड्या मुरमाची पाच बोटं उठली होती. तळव्यासकट. फोटोवाल्यांनी धडाधड फोटो काढले. ऋतुजानं सोनालीला हात देऊन उठवलं, नाव विचारलं, कॉलेज विचारलं. मॅनेजर गेला. निखिल कडेला उभा होता. त्यानं लॅपटॉप उघडला, थोडा वेळ काहीतरी शोधलं आणि बंद केला.

पंधरा दिवसांनी मी पोरींना घेऊन एका सामन्याहून परत येत होते. धाराशिवच्या स्टँडवर सोनाली भूमच्या गाडीची वाट बघत होती. स्टँडच्या भिंतीवर नवं होर्डिंग लागलेलं. त्यावर ऋतुजाची पाठ, पांढरी जर्सी, त्यावर तांबडी पाच बोटं. वर संघाचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत : 'मातीशी नातं आमचं.' बाकी कुणाचं नाव नव्हतं.

मी तिथूनच निखिलला फोन लावला. तो म्हणाला, फोटो कॅप्टनचाच आहे ना मॅडम. मी जे बोलले ते आजूबाजूच्या चार माणसांनी वळून ऐकलं. फोन त्यानं ठेवला का मी, आठवत नाही.

मी मागं वळून बघते तर सोनाली सिमेंटच्या बाकड्यावर चढली होती. खालच्या बायका पिशव्या सरकवून तिच्याकडं बघत होत्या. तिची करंगळी मोडून वाकडी जुळलीय, होर्डिंगवरचीही तशीच वाकडी होती. तिनं टाचा उंच केल्या आणि आपला पंजा त्या पंजावर ठेवला. तिचा हात नुसत्या तळव्यातच मावला, बोटं वर वीतभर उरली.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, हात लई मोठा आलाय माझा."